दुसरी हाक

अकोल्याला रेल्वे लाइनीपलीकडे कापसातून सरकी काढायची एक जिन होती. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापसाच्या धुळीत माणूस माणसाला दिसत नसे, आणि एकदा ऊन चढलं, जिन बंद झाली, की चिटपाखरूही फिरकत नसे. नत्थुजी खंडारे त्या जिनचे चौकीदार. त्यांचा देवमन बी. ए. झाला तेव्हा वस्तीत पेढे वाटायला ते स्वतः फिरले, आणि 'आता पुढं काय?' असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला छाती काढून सांगितलं, "पोरगं बँकेत सायेब होणार हाय."

बँकेत साहेब होणं म्हणजे बाजारातून वांगी आणणं नव्हे, हे नत्थुजींना कोण सांगणार? आधी अमरावतीला लेखी परीक्षा, तीत पार पडलं तर मुलाखत, आणि वर वयाची अट. देवमनचं अर्धं लहानपण लोकांची गुरं राखण्यात गेलेलं, शाळेत नाव उशिरा पडलं, त्यामुळं एकसष्ट सालची ही परीक्षा त्याची पहिली आणि तीच शेवटची. ही गाडी चुकली तर मागून दुसरी नव्हती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणून त्याला नीट झोपही लागत नसे.

घर एका खोलीचं. शेजारी टिनाचे डबे ठोकणारा कारागीर. तिथं अभ्यास कसला होतो! नत्थुजींनी जिनची किल्ली पोराच्या हातात दिली. देवमन सकाळचं खाऊन निघे आणि कापसाच्या मोठ्या कोठाराच्या दाराशी, सावलीत पोतं टाकून बसे. व्याजाची गणितं, इंग्रजी उताऱ्यांचे सारांश, एका वकिलाकडून मागून आणलेली जुनी वर्तमानपत्रं. मोठ्यानं वाचायची त्याची सवय. वाचलेलं रिकाम्या कोठारात घुमून परत यायचं, जणू आत बसून कोणी धडा म्हणतंय.

त्याच कोठारात तीन वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण शकुन गेली होती. ती आणि मैनाबाई, मायलेकी, दोघी जिनमध्ये कापसातला काडीकचरा वेचायच्या. देवमनच्या कॉलेजची फी त्यातूनच जायची. दुपारच्या सुट्टीत शकुन कापसाच्या गंजीला टेकून पडली आणि गंजी तिच्यावर ढासळली. आवाज तो काय होणार कापसाचा! ती घरी गेली असेल असंच सगळ्यांना वाटलं. ती रात्रीही घरी आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कापूस उपसला तेव्हा सापडली. शकुन असताना देवमन पुस्तकावर पेंगू लागला की ती चुलीपाशून हाक मारायची, आणि तो दचकून पुन्हा वाचायला लागायचा.

ती हाक त्याला जिनमध्ये आली.

भर दुपार होती. वारा मेलेला. व्याजाचं एक गणित सुटता सुटेना आणि डोळे जड झाले होते. कोठाराच्या आतून, कापसाआडून यावी तशी, दबकी हाक आली.

"देवमनऽ"

एकदाच. त्यानं उठून आत पाहिलं. रिकामं कोठार, झरोक्यातून आलेलं ऊन, आणि उन्हात तरंगणारा कापसाचा धुरळा. वारा नव्हता, तरी तो हळूहळू दाराकडं सरकत होता.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा नत्थुजी तडकले. "दीक्षा घेतली तवाच भूत-पिशाच्च सारं सोडलं आपण. बी. ए. झाला आन् असं बोलून राह्यला? उन्हानं डोकं फिरलं तुह्यं, दुसरं काही नाही."

नत्थुजी बाहेर गेल्यावर मैनाबाईंनी पोराचं मनगट धरलं. "बाबू, एका हाकीले ओ देऊ नोको. माणूस असन तं दुसऱ्यांदा बलावन. ते दुसऱ्यांदा बलावत नाही. तिले सोबत पायजे असन, तुले घेऊन जाईन ते."

दीक्षा घेतली म्हणून जुनी भीती काही लगेच घर सोडून जात नाही. देवमननं ऐकलं. त्यानंतर रोज, बरोबर डोळा लागायच्या वेळी, हाक यायची. तो खाडकन जागा व्हायचा, जीभ दाताखाली धरायचा आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहायचा. ती कधी आली नाही. घाम पुसून तो पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. हाक मात्र दिवसेंदिवस जवळ येऊ लागली. आधी कोठाराच्या पार टोकाकडून, मग मधल्या खांबापाशून, आणि लेखी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या मानेमागून. इतक्या जवळून की मानेवरचे केस हलले. घरी आल्यावर मैनाबाईंनी त्याच्या कॉलरवरून कापसाचा एक पुंजका काढला. बंद जिनमध्ये तेव्हा बोंडभरही कापूस नव्हता.

एवढं होऊनही अभ्यास काही बुडाला नाही, उलट दुपारची एक डुलकी म्हणून त्याला मिळाली नाही. लेखी परीक्षेत तो पास झाला. नत्थुजींनी पुन्हा पेढे आणले.

मुलाखत मे महिन्यात, अमरावतीलाच. पहाटेच्या गाडीनं निघालेला देवमन बँकेच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसला होता. साहेबांच्या दाराला वाळ्याचा ओला पडदा, त्याचा गार वास, बाहेर धगधगती दुपार. वाट पाहता पाहता त्याचे डोळे मिटू लागले.

"देवमन खंडारे"

पडद्याआडून हाक आली. माणूस दिसला नाही. देवमन खाडकन जागा झाला, जीभ दाताखाली धरली आणि वाट पाहू लागला.

पडदा हलला तो दुसऱ्याच नावानं. शेजारचा उमेदवार उठून आत गेलासुद्धा. तेव्हा कुठं देवमनला कळलं, ती हाक माणसाची होती. तो चपराशाच्या मागं लागला, हात जोडले.

"नाव घेतलं तवा बहिरे झाले होते काय?" चपराशी म्हणाला.

सगळ्यांचं आटोपल्यावर साहेबांनी त्याला उभ्यानंच विचारलं, "ओ का दिली नाहीत?" बी. ए. झालेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? साहेब म्हणाले, "ज्याला स्वतःचं नाव ऐकू येत नाही, तो गिऱ्हाइकाचं काय ऐकणार?" आणि त्यांनी कागद मिटले.

तो घरी आला तेव्हा मैनाबाई दारातच होत्या. "बलावलं नाही काय तुले?"

"बलावलं. एकदाच."

मैनाबाईंनी तोंडावर पदर धरला आणि तिथंच उंबऱ्यात बसल्या. बोलल्या त्या भिंतीकडं पाहून. "त्या दिवशी म्या बी तिले एकदाच बलावलं होतं, कोठाराच्या दारातून. ओ आली नाही. मले वाटलं, गेली घरी. एका हाकीले ओ देऊ नोको, हे तिले बी म्याच शिकवलं होतं." देवमन आईशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. नोकरी गेली म्हणून रडला की शकुनसाठी, हे त्याचं त्यालाही कळलं नसेल.

पुढं त्याला बोरगावकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. हजेरी घेताना खंडारे मास्तर प्रत्येक नाव दोनदा घ्यायचे. पहिल्याच हाकेला 'हजर' म्हणून ओरडलेला पोरगाही दुसऱ्यांदा ओरडायचा. पोरं हसायची. मास्तर हसत नसत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घरी आले की एक दुपार जिनमध्ये जायचे. पोतं टाकून बसायचे, मुद्दाम डोळे मिटायचे. आता हाक आली तर पहिल्याच हाकेला ओ द्यायची, असं मनाशी घट्ट ठरवलेलं. पण मुलाखतीनंतर ती हाक एकदाही आली नाही. पेंगणाऱ्या भावाला उठवायचं काम संपलं होतं तिचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मास्तर कोठाराच्या दारात उभे राहिले, मैनाबाई त्या दिवशी जिथं उभ्या होत्या तिथंच, आणि त्यांनीच हाक मारली.

"शकुनबाईऽ"

आत काही हललं नाही. उन्हात धुरळा तरंगत होता. मास्तर परत फिरले, दोन पावलं चालले आणि थांबले. शकुनही मैनाबाईचीच लेक. एका हाकेला ती ओ देणार नाही.

ते पुन्हा दारात आले. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली.

"शकुनबाईऽ"

"ओऽ," कोठारातून आवाज आला, "आली रे."