काळ्या बाईचं गाव

बापूकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, स्वतःच्या नावाआधी गावाचं नाव सांगत. देगलूरचा बाजार असो की नांदेडचा दवाखाना, समोरच्याने नुसतं पाहिलं की सुरू: "आमी काळ्या बाईच्या गावचे!" डॉक्टर पोट तपासत आणि काका त्यांना बाईचं गालातलं हसू वर्णन करून सांगत.

बाई म्हणजे शिवारातल्या लिंबाखालची काळ्या दगडाची जुनी मूर्ती. तिचा एक हात तुटलेला. भंगलेली मूर्ती पुजू नये म्हणतात. काका मात्र दर शुक्रवारी तिला अंघोळ घालत. "हात मोडला म्हून मायला घराबाहीर काढतेत का?"

पुरातत्त्व खात्याच्या मॅडम मूर्ती संग्रहालयात न्यायला आल्या, तेव्हा काका जीपपुढे आडवे झाले. "आमच्या बापजाद्यानं सांबाळली. बाई आमची हाय!" मॅडम हात जोडून परत गेल्या. गावाने काकांना खांद्यावर घेतलं.

मग आमच्या भक्तीला ऊत आला. बाईला पुन्हा कुणी न्यायला नको म्हणून पक्कं देऊळ बांधायचं ठरलं. फरशा बसल्या, सिमेंटचा नवा हात आला, झिजलेलं नाक-तोंड सारखं केलं, वरून सोनेरी ऑइलपेंट. रंगाचा डबा मीच धरला होता. नारळ फोडायला काकांना बोलावलं. नारळ हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोन हाय?" त्यानंतर ते देवळात गेले नाहीत.

मागच्या साली म्हणाले, "बाईला कुठं ठिवनार हुते, ते तरी दाखीव." संग्रहालयात दुसऱ्या गावची अशीच एक बाई होती. झिजलेली, पण हसणारी. काका तिच्यापुढून हलेनात. पाटीवरचं गाव आमच्या वाटेवरचंच निघालं. "हिच्या गावाला सांगू, बरी हाय म्हून."

त्या गावात नुसता रिकामा ओटा होता आणि एक म्हातारी त्यावर हळदीकुंकू वाहत होती. काकांनी चपला काढल्या. निरोप बाजूला ठेवून आधी ओट्यावर डोकं टेकलं. म्हातारीनेच विचारलं, "कोन्या गावचे पाव्हणे?"

काकांनी मान खाली घातली. "हितलेच. तालुक्याचे."

यंदा काका गेले. मला कुणी गाव विचारलं की मी देगलूर तालुका म्हणतो. पुढचं नाव लाजेने तोंडातून निघत नाही.