पिना मारलेली पानं

ती वांगणीहून उल्हासनगरला माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात येते आणि दर वेळी तीच कादंबरी मागते. मेलेली मुलगी घरी परत येते आणि आपल्याला कोणी मारलं ते शोधते, अशी कॉलेजच्या पोरांसाठी लिहिलेली गोष्ट. वाचून आणून दिलं की मी अर्धे पैसे परत देतो. ती आणून देते आणि पुढच्या महिन्यात तेच पुस्तक पुन्हा नेते.

घासाघीस करत करतच मी फूटपाथवरून दुकानात आलो, पण या बाईपुढे हरतो. तिचा आवाज कधी चढत नाही, त्यानेच माझं डोकं फिरतं. शेजारचा सिंधी कापडवाला हसतो, "क्या साईं, आज फिर कट गया?"

एकदा ती म्हणाली, "शेवटची पानं वाचताच येत नाहीत. पूर्ण भाव कशाचा?"

"अहो ताई, त्यांना पिना तुम्हीच मारल्यात!"

"मारल्या. माझी मुलगी वारली तेव्हा तिचं तिथपर्यंतच वाचून झालं होतं." तिने पुस्तक पिशवीत टाकलं. "पुढे गोष्टीतली पोरगी परत निघून जात असणार. मी कशाला जाऊ देऊ?"

मी भाव उतरवला आणि दिवसभर धुमसत राहिलो.

काल कॉलेजच्या एका मुलीने ते पुस्तक पूर्ण भावात मागितलं. मी नाही म्हणालो.

"विकायचंच नाही तर दुकान कशाला उघडलंय, काका?"

मी तिच्यावर ओरडलो. ती गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं. एक पीन निसटायला आली होती. गल्ल्यातला स्टेपलर काढून मी तिच्याशेजारी दुसरी मारली.