लाल टोपी, पांढरी टोपी

कुवेतला मी एका जपानी इंजिनिअरकडे स्वयंपाकाला होते. साहेब साठीला आलेला, एकटा. हिंदी तो साइटवरच्या कोकणी सुतारांकडून शिकलेला. साइटवर इंजिनिअर पांढरं हेल्मेट घालत, हा मजुरांचं पिवळं घालायचा. लोक म्हणायचे, किती साधा माणूस.

एका शुक्रवारी टोकियोहून बडा साहेब जेवायला येणार होता. सकाळी हा माझ्यापाशी लसूण सोलायला बसला.

"मावशी, कॉलेजात मी ह्या माणसाच्या डोक्यात काठी घातली होती."

"पोलीस होता?"

"नाही, विद्यार्थीच. आम्ही हेल्मेट घालून, तोंडाला फडकं बांधून सरकारशी लढायचो."

"मग त्याला का मारलं?"

"त्याच्या गटाचं हेल्मेट पांढरं होतं. आमचं लाल."

"त्यांना काय हवं होतं?"

"क्रांती."

"आणि तुम्हाला?"

त्याने पुढची पाकळी उचलली. "क्रांतीच."

मी म्हटलं, "आमच्याकडे शिमग्याला पालखी आधी कुठल्या वाडीत, यावरून डोकी फुटतात. पण निदान पालखी तरी असते. कुणी मेलं का?"

"तेव्हा नाही. पुढे मेले. आमचीच पोरं, आमच्याच पोरांच्या हातून."

मग तो सोललेल्याच पाकळ्या पुन्हा सोलू लागला. मी लसूण काढून घेतला. बड्या साहेबाने ओळखलं तर हा जपानला परत जाणार, आणि हा गेला की माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही जाणार. स्वयंपाक तरी वेळेवर व्हायला हवा होता.

पाहुणा सुलैबियाची साइट बघून आला. टकलावर बोटभर खाच. जेवताना त्याने विचारलं, तुम्ही एकटेच पिवळं हेल्मेट का घालता? साहेब उठला, कमरेत वाकला आणि पांढरं डोक्यावर का चढत नाही ते सगळं सांगून मोकळा झाला. मला मधून मधून हिंदीत सांगत होता, जणू मी पंच.

पाहुणा म्हणाला, ही खाच दुसऱ्या कुणाची, तुमची कानामागे असेल. मग तो कान दुमडून उभा राहिला आणि साहेब चष्मा लावून खाच शोधू लागला. सापडली. तेवढ्यात आधी काठी कुणी उचलली यावरून दोघांचे आवाज चढले. सुरमईचं कालवण निवत होतं.

मी दोघांच्या मधे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे ते बायका घालत नाहीत, पण कुवेतला कोण बघतो?

"बा देवा म्हाराजा, ह्या दोन म्हाताऱ्यांनी टोपीच्या रंगापायी टाळकी फोडली, ती चूक पदरात घे."

"व्हय म्हाराजा," साहेब म्हणाला. सुतारांबरोबर राहून त्याला ते पाठ होतं. पाहुण्यानेही तसंच म्हटलं.

"ह्या साहेबाक हयच ठेव आणि माझो इकामा राख."

"व्हय म्हाराजा."

पाहुण्याला अर्थ नंतर कळला. तोवर तो हो म्हणून बसला होता.

नारळ फोडायला दोघांनीही हात पुढे केले. मी दिला नाही. मीच फोडला.