म्हाताऱ्या उंदराची बेटं

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर गेल्या पौषात, एका मंगळवारी, वारले. उंदरांच्या म्हातारपणाची त्यांच्याइतकी काळजी वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कुणी केली नसेल.

मी ऐंशी साली तिथे ग्रंथपाल म्हणून लागलो. दुपारी वाचनालय ओस पडलं की सर येत आणि मला समजावत, की स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची लहान लहान बेटं असतात. वय झालं की उंदराची बेटं मोठी होतात, पण त्यांचं काम मंदावतं. "माह्यावानी. पोट वाढलं, काम घटलं," म्हणून ते स्वतःच हसत. विषयाचं वेड इतकं, की लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या पानातली जिलेबी उचलत, "काका, तुमची बेटं थकली," एवढंच सांगत आणि ती आपण खात.

प्रबंधासाठी त्यांना तरुण, मध्यमवयीन आणि म्हातारे असे तिन्ही उंदीर हवे होते. पहिले दोन मिळाले. त्यांना मारून सरांनी स्वादुपिंडाचे पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, काचांवर चढवले. म्हातारे मात्र मिळेनात, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात पांढरे उंदीर म्हातारे होण्याआधीच मरत. मग सरांनी घरची वाळ्याची ताटी काढून पिंजऱ्यांच्या खोलीला लावली आणि तासातासाला तिच्यावर पाणी शिंपडायला स्वतः जाऊ लागले. "लग्नाले वीस वर्स झाले, माह्यासाठी कधी ताटी भिजवली नाई यायनं," त्यांच्या बाई मला म्हणाल्या. सर खाली मान घालून म्हणाले, "तुले घाम येते. त्याले येत नाई."

एकच उंदीर तीन उन्हाळे टिकला. केस विरळ झालेले, मागचे पाय ओढत चालायचा. तेवढ्यात नागपूरहून मार्गदर्शकांचं पत्र आलं: मुदत जूनअखेर संपते, म्हाताऱ्या उंदराच्या काचा आणा, नाहीतर प्रबंध रद्द. स्वादुपिंड मेल्यावर स्वतःलाच पचवू लागतं, त्यामुळे उंदीर आपणहून मरेपर्यंत थांबून चालत नाही. मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा कात्री मांडलेली होती, ईथरची बाटली उघडी होती. उंदीर सरांच्या तळहातावर झोपला होता.

"सर, मुदत," मी आठवण करून दिली.

"तीन उन्हाळे काढले त्यानं. आता माह्या हातानं काऊन मारू त्याले?"

"अन् पदवी?"

"पदवी नसली तरी मले झोप येते."

त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि उंदराला भिजवलेले चणे घातले. उंदीर श्रावणात एका रविवारी मेला. सोमवारी कॉलेज उघडलं, तोवर बेटं विरघळून गेली होती. सरांनी त्याला बागेत पुरलं आणि वाचनालयात येऊन, कितीतरी वर्षांनी, एक कादंबरी मागितली.

काचांची पेटी बाईंनी माझ्याकडे दिली आहे. तीत तरुण आणि मध्यमवयीन उंदरांच्या काचा आहेत. तिसरा कप्पा रिकामा आहे.