पाच-पाच फुटांवरचे कडुनिंब

सुपडूभाऊ मैदानावर कुणालाही वाट देत नसत. खेळणारा काठी उगारून उभा, मागून चार जण "भाऊ, बाजूला व्हा" म्हणताहेत, आणि हे चौथ्या होलच्या वळणावर उकिडवे बसून निवांत गवत उपटताहेत. मूठ भरली की उठायचे, कंबर चोळायचे, मग सरकायचे. मी त्या क्लबचा कारकून. एकदा म्हटलं, "चेंडू लागला म्हणजे?" म्हणाले, "लागू द्या, बाबूजी. मारनाऱ्याले दिसतो ना मी."

बऱ्हाणपुरात गोल्फ खेळतात हे पाहुण्यांना खरंच वाटत नाही. पण आहे आमच्याकडे मैदान, गावाबाहेर, नऊ होलचं, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. सुपडूभाऊ डोईफोडिया गावचे; केळीत राबता राबता इथे माळी झाले. चौथ्या होलचं वळण त्यांनी स्वतःच्या कुदळीनं काढलेलं. पहिला फटका वळणापर्यंत, दुसरा तिथून होलमधल्या झेंड्याकडे, अशी त्याची रीत. साठी उलटलेल्या आमच्या डॉक्टरबाई अगदी तसंच, जपून खेळायच्या. मग क्लबाला नवे कप्तान आले. दांडगा गडी. वळणाकडे बघायचंच नाही, कोपऱ्यावरून चेंडू उडवून थेट झेंड्यापाशी. त्यांचं पाहून सगळे तरणेताठे तेच करू लागले. सुपडूभाऊंना ते भारी झोंबलं.

"मंग वळण कायले केलं मी?" ते मला विचारत. "ज्याच्या दंडात जोर त्यानंच जिंकाचं, तर खेळता कायले? मंडीत जाऊन पोती उचला ना."

त्या पावसाळ्यात कुणालाही न विचारता त्यांनी कडुनिंबाची रोपं लावली. तीही कोपऱ्यावर नाही, पहिला फटका मारतात तिथून थोड्याच अंतरावर, थेट झेंड्याच्या रोखात; वळणाकडची वाट मोकळी. मी हसलो. ते म्हणाले, "केळीचा वारा बागेच्या मधात अडवतात का? बांधावर शेवरी लावतात. चेंडू वर चढाच्या आधीच धराचा."

अक्कल बिनतोड होती. पण लावताना त्यांनी केळी लावायची गाठींची दोरी ताणली, आणि प्रत्येक गाठीला एक रोप खोचलं. पाच-पाच फुटांवर कडुनिंब. अहो, पंचवीस फूट लागतात त्याला. तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

चार वर्षांत फांद्या एकमेकींत घुसल्या आणि आरपार दिसेना. कप्तानांचा चेंडू पानांत शिरायचा आणि बुडाशी पडायचा. त्या वर्षीचा कप डॉक्टरबाईंनी नेला. मला मनापासून आनंद झाला. तरी कमिटीनं सांगितल्यावर झाडं काढायची नोटीस मीच लिहिली, त्याची लाज अजून जात नाही.

नोटीस सुपडूभाऊंनी खिशात घातली आणि झाडांना पाणी सोडलं. कप्तान सगळ्या कमिटीला घेऊन झाडांपाशी आले. "ही काय लागवड झाली? निदान एकाआड एक तरी काढ."

"चुकलं, साहेब," सुपडूभाऊ म्हणाले. "केळीचा हात आहे, पाच फुटापुढं जात नाही. पन चूक माही, झाडाईची नाही. कोन्तं काढाचं? तुमीच बोट दाखवा."

कप्तानांनी ओळीवरून नजर फिरवली. बोट काही उचललं नाही. चिडून म्हणाले, "एक तर ही झाडं राहतील, नाही तर तू."

"मंग मले काढा. साठ किलोचा बी नाही मी. लवकर निंगीन."

काढलं त्यांना. पण कप्तान चारचौघांत बोलून बसले होते, त्यामुळे झाडांना हात लावायची सोय उरली नाही. सुपडूभाऊ कुंपणापलीकडच्या बागेत मजुरीला लागले. कप्तान चौथ्या होलवर आले की ते काम थांबवून सरळ उभे राहत आणि फटका झाडात गेला की पुन्हा वाकत.

गेल्या उन्हाळ्यात सुपडूभाऊ वारले. त्यांचा दहावा होतो न होतो तोच कप्तान माझ्या टेबलाशी आले. "अब वो आदमी तो रहा नहीं. नोटीस बनवा, झाडं काढून टाकू."

मी पेनाला टोपण लावलं. रिटायर व्हायला मला सात महिने होते, आणि जन्मात कधी साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं, "नोटीस मी लिहिणार नाही. फार तर मला काढा."

माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. अजून तरी कुणी हलवलेलं नाही.