नखाची पारख

सिग्नलला शेजारी विजेवरची एक गाडी येऊन थांबली. स्कूटरवर माझ्या मागे बसलेले बाबा म्हणाले, "ही निघाली की नीट ऐक."

"काय ऐकू?"

"काहीच ऐकू येता कामा नये. आत आमचा शाफ्ट असेल."

तीस वर्षं बाबांनी भोसरीत लेथवर इंजिनाचे भाग कातले. विजेच्या गाड्यांमुळे इंजिनं जाणार म्हटल्यावर आपलं कामही गेलं, असं त्यांनी धरलं होतं. आता तेच हात विजेच्या मोटरचे शाफ्ट, म्हणजे तिचे फिरते दांडे, करतात. कॉम्प्युटरने पास केलेल्या प्रत्येक शाफ्टवरून बाबा अंगठ्याचं नख फिरवतात; नख अडलं की माल परत. इंजिनाच्या घरघरीत बारीकसारीक चूक खपून जायची, या शांततेत ती लपत नाही.

सिग्नल सुटला. गाडी हूं की चूं न करता निघून गेली. आरशात बाबा ताठ बसलेले दिसले, भर चौकात कुणी त्यांचं नाव पुकारावं तसे.