सुधारलेली तब्येत

दुष्काळात कडा गावाजवळच्या चारा छावणीत ती बाई मला एकदाच दिसली. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, ती मात्र अंगानं चांगली भरलेली. पाहणीला आलेल्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी गळ्यातला हार सावरत मंचावरच्या माईकवरून तिच्याकडे बोट दाखवलं, “बघा, आमच्या छावणीत माणसांचीबी तब्येत सुधारली!” टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

तिनं कडब्याची पेंढी खाली ठेवली, पदर खोचला. “सुधारली न्हाई, सायेब. वर्सभर मन मेलंय. झोप न्हाई, कशात जीव न्हाई, निस्ती खातच ऱ्हाते. त्यानं अंग सुटलंय. उद्या बीडला डॉक्टरकडं चाललेय. तवर माझ्या बैलांना पाणी कोण दावील, तेवढं सांगा.”

चार-पाच हात वर झाले. त्यांत मंचावरचा एकही नव्हता.